हा माझा निळा नाही

ताईच्या चित्रांचे फोटो काढायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. तेवीस कॅनव्हास, त्यांची एक छापील पुस्तिका करायची, आणि घरात कॅमेरा काय तो माझ्याकडे. "दोन तासांचं तर काम," असं मी म्हणालो होतो. ते वाक्य ती अजून मला ऐकवते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉपवर एकेक फोटो दाखवत गेलो. तिसऱ्या चित्रापाशी तिने हात वर केला.

"हे कुणाचं?"

"तुझंच की."

"चित्र माझं आहे. हा निळा माझा नाही."

मी निमूटपणे त्याच चित्राचा पुढचा फोटो उघडला. तो तर आणखीनच निराळा निघाला. दोन्ही फोटो पाठोपाठ काढलेले, चित्र तेच, खिडकी तीच. मध्ये मी फक्त ट्रायपॉड हातभर मागे घेतला होता, त्यामुळे चौकटीत थोडी जास्त भिंत आली होती. तेवढ्यावर एका फोटोतला निळा राखाडीकडे झुकला होता आणि दुसऱ्यातला बऱ्यापैकी निळा राहिला होता.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग सावरायची कॅमेऱ्यातली सोय, ऑटोवर होता. तोवर माझी समजूत अशी की कॅमेरा प्रकाश मोजतो आणि त्याप्रमाणे रंग जुळवतो. पण कॅमेऱ्याला प्रकाश वेगळा दिसतच नाही. त्याला दिसतं फक्त वस्तूवरून परतून आलेलं मिश्रण. त्यात प्रकाशाचा रंग किती आणि वस्तूचा किती, हे त्याला अंदाजानेच ठरवावं लागतं. सगळ्यात जुना अंदाज असा की कुठल्याही दृश्यातले सगळे रंग एकत्र घोटले तर सरासरी राखाडी यायला हवी. निळी आली, तर प्रकाशच निळा असणार. आजचे कॅमेरे याहून पुष्कळ हुशार आहेत, पण चौकट भरून निळंच निळं दिसलं की तेही गडबडतात. ताईने महिनाभर खपून लावलेला निळा कॅमेऱ्याच्या लेखी दोष होता आणि त्याने तो इमानेइतबारे दुरुस्त केला होता.

मग ऑटो बंद करून उजेडाचा रंग सांगणाऱ्या केल्विनच्या आकड्यांच्या मागे लागलो. मेणबत्ती साधारण १९०० केल्विन, जुना तारेचा बल्ब २७०० ते २८००, दुपारचं ऊन आणि फ्लॅश ५५००च्या आसपास, सावलीत नुसत्या निळ्या आकाशाचा उजेड असेल तर ७००० ते ८०००. आकडा लहान तितका प्रकाश तांबूस, मोठा तितका निळसर. इथपर्यंत ठीक. पण कॅमेऱ्यावर आकडा वाढवला की फोटो निळा होत नाही, पिवळा होतो! यात मी दोन दिवस घातले. फोटो पिवळा दिसतोय म्हणून आकडा वाढवायचा आणि तो अधिकच पिवळा झालेला बघायचा. शेवटी डोक्यात शिरलं ते असं: आपण कॅमेऱ्याला "फोटो असा कर" म्हणत नसतो, "इथला उजेड असा आहे" एवढंच सांगत असतो. उजेड फार निळा आहे असं सांगितलं की तो बिचारा पिवळा ओततो.

हे कळल्यावर ५५०० लावून पुन्हा सगळ्या चित्रांचे फोटो काढले. आता डावी कड निळसर आणि उजवी कड हिरवट. डावीकडे खिडकी होती आणि उजवीकडे वर ट्यूबलाइट. तो दिवसा चालू असल्याचं माझ्या लक्षातही आलं नव्हतं, कारण डोळ्यांना भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरीच दिसत होती. डोळे आणि मेंदू मिळून ही चलाखी दिवसभर करत असतात. बल्बखाली ठेवलेला पांढरा कागद खरं तर चांगलाच पिवळा असतो, पण आपल्याला तो पांढराच वाटतो. कॅमेऱ्याला एका फोटोसाठी एकच उत्तर देता येतं. दोन तऱ्हेचा उजेड एकाच चित्रावर पडला की कुठलाही आकडा लावा, एक कड बिघडणारच. ट्यूबलाइट बंद केला, काम सुरू झालं.

ट्यूबलाइटचा हिरवटपणा केल्विनच्या आकड्याने का जात नाही, हेही तेव्हाच समजलं. केल्विनची रेघ पिवळ्यापासून निळ्यापर्यंत जाते, बस. हिरवा त्या रेघेच्या एका अंगाला, मॅजेंटा दुसऱ्या. त्यासाठी टिंट नावाची वेगळी पट्टी असते आणि मी तिला कधी हात लावला नव्हता.

याच सुमारास जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेला फोटो, सोडून रॉवर, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीवर आलो. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही फक्त सोबत जोडलेली चिठ्ठी असते, नंतर हवी तशी बदलता येते. जेपेगमध्ये ती आत शिजवूनच येते. याबद्दल एवढंच, कारण रॉ वापरलं म्हणून माझे रंग बरोबर आले असं झालं नाही. चुका नंतरही करता येऊ लागल्या, इतकंच.

आता संदर्भाला काहीतरी पांढरं हवं होतं. प्रिंटरचा कोरा कागद चित्राशेजारी चिकटवला आणि संगणकात त्या कागदावर ड्रॉपर, म्हणजे "हा रंग पांढरा धर" असं सांगायचं साधन, टेकवला. सगळी चित्रं पिवळट झाली. पुन्हा काढले, पुन्हा पिवळट. कागदावर शंका घ्यायला मला आठवडा लागला. कोऱ्या कागदाहून पांढरं आणखी काय असणार? पण घोडं तिथेच पेंड खात होतं. कागद शुभ्र दिसावा म्हणून त्यात एक रसायन घातलेलं असतं. ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतं आणि निळा उजेड बाहेर टाकतं. खिडकीच्या उजेडात अतिनील भरपूर, त्यामुळे माझा पांढरा कागद मुळात निळसर होता. मी सॉफ्टवेअरला सांगत होतो, "हा निळसर म्हणजेच पांढरा," आणि ते तेवढा निळा सगळ्या चित्रातून काढून टाकत होतं.

ग्रे कार्ड, म्हणजे संदर्भासाठीचं राखाडी कार्ड, आणलं. त्यावर १८ टक्के परावर्तन असं लिहिलेलं असतं, पण तो आकडा उजेड मोजण्यासाठी. रंगाच्या कामाला कार्ड किती गडद आहे याने फरक पडत नाही; ते लाल, हिरवं, निळं तिन्ही सारख्या प्रमाणात परतवतं की नाही, एवढंच महत्त्वाचं. आणि ते कुठे धरलंय. पहिल्या दिवशी मी ते लेन्ससमोर हातात धरलं, जरासं वर कललेलं. म्हणजे चित्रावरचा उजेड मोजायच्या ऐवजी मी छतावरून येणारा उजेड मोजत होतो. कार्ड चित्राच्या पृष्ठभागाला टेकवून, चित्राचं तोंड ज्या दिशेला त्याच दिशेला ठेवायचं. आणखी एक खोच म्हणजे कार्डाचा फोटो जास्त उजळ आला आणि तिन्हीतला एक रंग जरी कमाल आकड्याला जाऊन आदळला, तर त्यावर टेकवलेला ड्रॉपर तुम्हाला बिनदिक्कत खोटं सांगतो. म्हणून मी हिस्टोग्राममध्ये, म्हणजे फोटोतल्या उजळपणाच्या आलेखात, तिन्ही रंग वेगवेगळे बघायला लागलो.

कार्डाचं मग मला इतकं वेड लागलं की मी ते घेऊन सूर्यास्ताचे फोटो काढायला गेलो. कार्डावर ड्रॉपर टेकवला आणि सगळी सोनेरी संध्याकाळ पुसून गेली. हाती आली करड्या उजेडातली काही झाडं. गणित अचूक होतं. तेव्हापासून चित्रांसाठी कार्ड आणि संध्याकाळसाठी नुसतं ५५००.

चित्रांकडे वळतो. कार्ड आलं तरी प्रत्येक चित्राच्या खालच्या भागावर एक पुसटशी गुलाबी झाक राहत होती. वर नाही, फक्त खाली. लेन्स बदलली, काच पुसली. मग एकच कार्ड पाच जागी ठेवून पाच फोटो काढले: चार कोपरे आणि मधोमध. वरच्या दोन कोपऱ्यांत तिन्ही आकडे सारखे, खाली मात्र लाल तीन-चारने वर. खाली काय आहे वेगळं? फरशी करडी, ट्रायपॉड काळा. आणि ट्रायपॉडमागे वाकून बसलेलो मी, लाल टी-शर्टात. खिडकीचा उजेड बाजूने माझ्या छातीवर पडत होता आणि तिथून थेट चित्रावर जात होता. ताईला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ब्रश खाली ठेवावा लागला. दुसऱ्या दिवसापासून मी पूर्ण बाह्यांचा काळा शर्ट घालू लागलो. खोलीतल्या हिरव्या कपाटावरही काळं कापड टाकलं.

खिडकीचा एक ताप उरलाच होता: ढग. सूर्यावर ढग आला की कार्ड पुन्हा काढायचं, गेला की पुन्हा. एका दुपारी कार्डाचेच एकतीस फोटो निघाले, चित्रांचे चार. त्यामुळे खिडकी झाकली आणि दोन एलईडी दिवे आणले, चित्राच्या दोन्ही अंगांना पंचेचाळीस अंशांवर, म्हणजे रंगाच्या चकाकीचे डाग लेन्समध्ये येत नाहीत. खोक्यावर ५५०० केल्विन लिहिलेलं. कार्ड ठेवलं, मोजलं, तिन्ही आकडे सारखे. मला वाटलं सुटलो.

ताईने पाहिलं आणि म्हणाली, "निळा बराय. लालाला काय झालं?"

तिचा तो भाजक्या विटेसारखा लाल मेल्यासारखा दिसत होता, तपकिरीकडे गेलेला. राखाडी बिनचूक आणि लाल चुकलेला, हे कसं काय? इथे मला पहिल्यांदा कळलं की दोन दिव्यांचा पांढरा उजेड डोळ्यांना हुबेहूब सारखा दिसू शकतो आणि तरी आतून वेगळा असतो. उन्हात सगळे रंग सलग असतात. स्वस्तातल्या एलईडीमध्ये निळ्याचा एक उंच सुळका, मग दरी, मग पिवळ्याची टेकडी, आणि गडद लालापाशी उतार. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगायला सीआरआय म्हणून जो आकडा छापतात, तो आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी असतो. गडद लालाचा नमुना, ज्याला आर-९ म्हणतात, त्या सरासरीत धरलेलाच नाही. त्यामुळे ८० सीआरआयचा दिवा लालाच्या बाबतीत पार नापास असू शकतो आणि खोक्यावर त्याचा पत्ता लागत नाही. व्हाइट बॅलन्स म्हणजे लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांना तीन गुणकांनी गुणणं, बाकी काही नाही. उजेडातच जे नाही ते गुणून कुठून आणणार? शून्याला कितीनेही गुणा.

दिवे बदलले. सीआरआय ९५च्या वर आणि आर-९ वेगळा छापलेला, असेच बघून घेतले. नव्या दिव्यांखाली तोच विटकरी लाल सेटिंगला हात न लावता जिवंत झाला. एवढ्या सगळ्या खटपटीत सगळ्यात मोठा फरक कशाने पडला असं कुणी विचारलं तर मी दिवे म्हणेन. कार्ड नाही, सॉफ्टवेअर नाही. पण लोक आधी सॉफ्टवेअर घेतात. मीही तेच केलं होतं.

त्यानंतर जे झालं ते सांगायला लाज वाटते. तीन रात्री बसून तेवीस फोटो निगुतीने जुळवले. चौथ्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडला तर सगळे फोटो निळेशार. लॅपटॉपमध्ये रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा आपोआप पिवळसर करणारी सोय असते. ती चालू होती. सूर्य मावळला की पडदा पिवळा होत होता आणि मी तो पिवळा फोटोतून काढत बसलो होतो. तीन रात्री! डोळ्यांना काही जाणवलं नाही, कारण तेही पडद्याबरोबर सरावत गेले.

मग पडद्याला टेकवून लावायचं मापक एका मित्राकडून उसनं आणलं. छोटंसं यंत्र, पडद्यावर लटकवायचं. ते एकामागून एक रंग दाखवतं, मोजतं, आणि पडदा कुठे चुकतो याची नोंद करून ठेवतं. पांढरा ६५०० केल्विनवर, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात त्याचं माप) २.२, उजळपणा चौरस मीटरला १२० कँडेलाच्या आसपास, असं लावलं. माझा पडदा त्याच्या जवळजवळ दुप्पट उजळ निघाला. आधी छापून आणलेले दोन नमुने काळवंडलेले का आले होते, त्याचा उलगडा झाला. दोष मी छापणाऱ्याला दिला होता.

यानंतर कलर चार्ट. चोवीस चौकोनांचा तो पट्टा फोटोग्राफीच्या पुस्तकांत सगळ्यांनी पाहिलेला असतो. मॅकबेथचा चार्ट म्हणून तो १९७६ साली आला आणि अजून जवळपास तसाच वापरात आहे. त्यातले चौकोन उगाच निवडलेले नाहीत: काळसर कातडी, उजळ कातडी, आकाश, पानं, निळं फूल, शेवटच्या ओळीत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा पायऱ्या. ज्या उजेडात चित्रांचे फोटो काढायचे त्याच उजेडात एकदा याचा फोटो काढायचा. प्रत्येक चौकोनाचा खरा रंग सॉफ्टवेअरला ठाऊक असतो. कॅमेऱ्याने काय नोंदवलं ते त्याशी ताडून ते एक प्रोफाइल, म्हणजे रंगदुरुस्तीचा तक्ता, बनवतं. याची गरज पडते कारण सेन्सरवरचे लाल-हिरवे-निळे फिल्टर आपल्या डोळ्यांसारखे बघत नाहीत. व्हाइट बॅलन्सने राखाडी जागेवर येतो, पण बाकीचे रंग आपापल्या दिशेने थोडे थोडे भरकटलेलेच राहतात. प्रोफाइलने बावीस चित्रं अशी बसली की ताईने नुसती मान हलवली आणि पुढचं दाखव म्हणाली.

राहिलं तिसरं चित्र. निळा आता राखाडी नव्हता, हिरवट नव्हता. तो जांभळ्याकडे झुकत होता.

"हा मी लावलेला नाही," ताई म्हणाली. "माझा थंड आहे. यात कुणीतरी लाल टाकलाय."

मी चार्टवरचा निळा चौकोन पाहिला. तो अचूक होता. जांभळाही अचूक. मग हिच्याच निळ्यात लाल कुठून येतो? तिला विचारलं, कुठला रंग लावलायस? तिने ट्यूब पुढे केली. कोबाल्ट.

उत्तर त्या ट्यूबमध्ये होतं. कोबाल्ट निळा निळ्या भागातला उजेड परतवतो, हिरवा-पिवळा गिळतो, आणि दृश्य प्रकाशाच्या अगदी लाल टोकाला पोचलं की पुन्हा परतवायला लागतो. त्या टोकाला आपले डोळे जवळजवळ आंधळे असतात, म्हणून आपल्याला तो स्वच्छ निळा दिसतो. सेन्सर तिथे तितका आंधळा नसतो. त्याला निळ्यासोबत लालाचा एक कण सापडतो आणि तो जांभळा लिहून मोकळा होतो. काही निळी फुलं फोटोत जांभळी येतात ती अशाच कारणाने, आणि कृत्रिम धाग्याचं काळं कापड कधीकधी तपकिरी दिसतं तेही याच कुळातलं. चार्टवरचा निळा चौकोन कोबाल्टचा नव्हताच. डोळ्यांना दोघे भाऊ वाटले तरी कॅमेऱ्यासाठी ते परके होते. म्हणजे ताई पहिल्या दिवसापासून जे म्हणत होती, त्यात आता माझी चूक अशी काही उरली नव्हती. कॅमेऱ्याला तो निळा दिसतच नव्हता.

उपाय तिनेच काढला. उरलेल्या कॅनव्हासच्या पट्टीवर तिने आपल्या पेटीतल्या बारा ट्यूबा एकाखाली एक ओढल्या. नुसता कोबाल्ट, पांढरा मिसळलेला कोबाल्ट, पिवळा मिसळलेला. आमचा घरचा चार्ट. त्याचा त्याच दिव्यांखाली फोटो काढला, पडद्यावर उघडला, पट्टी शेजारी धरली, आणि फक्त त्या निळ्याची छटा थोडी हिरव्याकडे, रंगाची तीव्रता थोडी खाली, असं करत करत मी सरकवत गेलो. ती मागे उभी राहून "अजून… अजून… थांब, मागे" म्हणत होती. आकड्यांवर जीव टाकणाऱ्या माणसाला हे जरा लागलं, पण शेवटचा निवाडा डोळ्यांनीच केला.

नमुना छापून आणला. ताईने तो स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली पाहिला आणि चेहरा पाडला. मी काही न बोलता नमुना आणि कॅनव्हास दोन्ही खिडकीशी नेले. छापायची शाई वेगळी, ताईने लावलेला रंग वेगळा. एका उजेडात दोन्ही जुळतात आणि दुसऱ्यात फटकून वागतात, हे एव्हाना मला पाठ झालं होतं. खिडकीत तिने नमुना कॅनव्हासच्या कडेला लावला आणि बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिली.

"हा माझा निळा."

मी लॅपटॉप मिटणार तेवढ्यात तिचं बोट खालच्या कोपऱ्यावर गेलं. "पण इथे असा गडद का आलाय?"

मी नमुना बघितला, कॅनव्हास बघितला. कोपरा खरंच वेगळा होता. फोटोतला गडद, कॅनव्हासवरचा फिकट, आणि त्यावरचा रंग अजून नीट वाळलेला नव्हता.

"अगं, इथे तू…"

"हां," ती म्हणाली. "तो मी परवा बदलला. आधीचा आवडत नव्हता."

मी काळा शर्ट शोधायला गेलो.